इन्स्पेक्शनचा चाकू

चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि गडचिरोली ही त्याची एक तहसील होती. त्या बाजूला वैनगंगेवर पूल नव्हता. नदी फुगली की पलीकडची गावं तुटायची, आणि त्या वर्षी ती पोळ्याच्या आधीच तुटली. धान्य आणि औषधं पोचवायला आमच्या फील्ड कंपनीची एक प्लाटून पश्चिम काठावर पाठवली. वर एक कॅप्टन. मी नाईक होतो. आम्ही सॅपर, म्हणजे इंजिनियर्सची माणसं. आमच्याकडे बंदुका असत, पण आमचं खरं काम दोर, लाकूड, लोखंड आणि पाणी यांच्याशी.

हे मी रागानं लिहितो आहे, ते आधीच सांगून टाकतो. मागच्या महिन्यात चंद्रपुरात आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी घडीचा चाकू घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत केला. मुठीवर नखाएवढा डाग होता म्हणे. पात्याची चमक एका बाजूला जरा कमी होती म्हणे. मी फौजेतला म्हणून मला विचारायला आले, ‘‘असा डाग चालवून घ्यायचा का?’’ मी विचारलं, ‘‘उघडत होता का?’’ ते म्हणाले, ‘‘ते नाही पाहिलं.’’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जे बोललो त्यानं त्यांचा चहा अर्धा राहिला आणि आमच्या घरी माझ्याशी दोन दिवस कोणी धड बोललं नाही. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहितो.

सॅपरला सरकारी घडीचा चाकू मिळतो. काळी खडबडीत मूठ, एक रुंद पातं, डबा उघडायची एक पट्टी आणि पाठीला दोराच्या गाठी सोडवायचा जाड टोकदार खिळा. मागच्या कडीत दोरी ओवायची, दोरी कमरेला बांधायची. पाण्यावर काम करणाऱ्याला हा चाकू जिवापासून फार लांब ठेवून चालत नाही. आमच्याकडे त्याची परीक्षा एकच होती. हात पाण्यात बुडवायचा, डोळे मिटायचे, एका हातानं चाकू काढायचा, पात्याच्या खाचेत दात रोवून ते उघडायचं. उघडलं तर चाकू. नाही उघडलं तर लोखंड.

या परीक्षेत सॅपर लटारी नागोसेचा हात कोणी धरत नसे. लटारी मूलकडच्या एका नदीकाठच्या गावचा. बावीस-तेवीस वर्षांचा, काळा, सडसडीत, पायाचे पंजे रुंद. पोहण्यात कंपनीत पहिला. मी ब्रह्मपुरीकडचा, म्हणून दोघंच असलो की आमची बोली सुटायची. मला तो नाईकभाऊ म्हणायचा.

त्याचा चाकू बघण्यासारखा होता, म्हणजे बघवत नव्हता. मुठीचा एक टवका उडालेला, तिथं त्यानं तांब्याची तार गुंडाळलेली. पातं ओल्या लाकडाच्या चिकानं काळंनिळं पडलेलं. टोक किंचित मोडलेलं, तेही त्यानं दगडावर घासून नीट केलेलं. पण बिजागरीत दर संध्याकाळी तेलाचा एक थेंब जायचा. पातं उघडताना ‘टक्’ असा आवाज यायचा आणि उघडल्यावर सुताएवढंही हलायचं नाही. कोणी चेष्टा केली की तो म्हणायचा, ‘‘थोबाड नोको पाहू. काम पाहा.’’

चाकूतला प्रत्येक दोष माफ असतो असं मी म्हणत नाही. बिजागरीची खीळ ढिली असेल, कमान मेलेली असेल, पात्याला मुळाशी चीर असेल, तर तो चाकू नदीत फेकून द्या. पण डाग, ओरखडा, उडालेला रंग, टवका, हे चाकूचे दोष नाहीत. हे बघणाऱ्याच्या डोळ्याचे लाड आहेत. आणि फौजेत त्या लाडांसाठी एक वेगळी सोय असते, ती सिव्हिलियन लोकांना माहीत नसते. ती आता सांगतो.

प्रत्येक जवानाकडे दोन तऱ्हेचं सामान असतं. एक वापरायचं आणि एक दाखवायचं. दाखवायचा मग वेगळा, त्यात कधी चहा पडत नाही. दाखवायचा ब्रश वेगळा, त्यानं कधी दाढी होत नाही. इन्स्पेक्शन आलं की वापरायचं लपवायचं आणि दाखवायचं बाहेर काढायचं. इन्स्पेक्शन करणाऱ्या साहेबांनाही हे ठाऊक असतं, कारण त्यांनीही उमेदवारीत हेच केलेलं असतं. सगळे मिळून एकमेकांना फसवतात आणि कोणी फसत नाही. बराकीत हा खेळ ठीक आहे. मगानं कोणी मरत नाही.

नदीकाठी आमचा दिवस सरळ होता. पहाटे नावा तपासायच्या. त्या प्लायवूडच्या, घडी करून ट्रकवर नेता येतील अशा होत्या. मग पलीकडे फेऱ्या. काठावरच्या अर्जुनाच्या झाडाला जाड दोर बांधलेला असायचा. नाव पुढे जाईल तसा काठावरचे जवान तो सोडायचे, म्हणजे प्रवाहानं नाव ओढली तरी मागं धरून ठेवता येई. दोराचं नावेतलं टोक लटारी सांभाळायचा. ते त्याचंच काम होतं, दुसऱ्याला तो हात लावू देत नसे.

पोळ्यानंतर निरोप आला की ब्रिगेडियर साहेब काम बघायला येणार. कॅप्टनसाहेबांच्या अंगात वारं शिरलं. तंबूंच्या खुंट्या दोरी लावून सरळ रेषेत ठोकल्या. दगडांना चुना फासला. भर पुरात, चिखलात, दगडांना चुना! मग प्रत्येकाचं सामान बघायला ते स्वतः रांगेतून फिरले. लटारीपाशी थांबले. त्याच्या कमरेचा चाकू दोन बोटांनी धरून वर केला.

‘‘ये क्या है?’’

‘‘चाकू, साब.’’

‘‘ये चाकू है? भंगार है. ये तार किसने लगाया?’’

‘‘मैंने, साब. पकड अच्छी आती है.’’

‘‘ब्रिगेडियर साब को ये दिखाओगे?’’

त्याच दुपारी हुकूम निघाला. सगळे जुने चाकू जमा. ते एका पत्र्याच्या पेटीत भरून स्टोअरच्या ट्रकमध्ये कुलपात गेले. स्टोअरमधून दाखवायचे चाकू निघाले, कोरे करकरीत. दमट हवेत त्यांना गंज चढेल म्हणून कॅप्टनसाहेबांनी शक्कल काढली. मुठींना काळा रंग आणि पात्यांवर पारदर्शक वार्निश. चाकू मिटलेल्या स्थितीतच रंगवायचा, म्हणजे पाठ, खीळ, सांधा सगळं एकसारखं चकाकेल. दोऱ्यांना पांढरा ब्लँको, म्हणजे फौजी पट्ट्यांना फासतात ती सफेदी.

मी पुढे झालो. ‘‘साब, वार्निश सांधे में जाएगा. खुलेगा नहीं.’’

ते म्हणाले, ‘‘इन्स्पेक्शन तक खोलना किसको है?’’

मी तोंड उघडणार तोच हवालदार जाधवांनी मला डोळ्यांनी दटावलं. जाधव साताऱ्याकडचे, वीस वर्षं फौजेत काढलेले. साहेब गेल्यावर म्हणाले, ‘‘दोन दिवसांचा प्रश्न आहे रे. मुकाट्यानं लाव. पेटी कुठं पळून जातेय?’’

लटारीनं नव्या चाकूकडे बघून नाक मुरडलं. ‘‘नाईकभाऊ, हा तं नवरदेव होऊन राह्यला,’’ म्हणाला. आम्ही हसलो. वार्निश लावताना त्याची बोटं चिकट झाली, ती त्यानं वाळूत घासली.

इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी आम्ही इस्त्रीच्या कपड्यांत उभे होतो. नावेतली कुऱ्हाड, हातोडे, खिळे, सगळी हत्यारं एका ताडपत्रीवर उंचीप्रमाणे मांडलेली. कुऱ्हाडीच्या पात्यालाही वार्निश. कंपनी स्टोअरचा हवालदार जीप घेऊन मूल स्टेशनवर ब्रिगेडियर साहेबांना आणायला गेला होता, आणि ट्रकच्या कुलपाची किल्ली त्याच्या खिशात होती.

तेवढ्यात तहसीलचा चपराशी धापा टाकत आला. वरच्या बाजूला नदीनं रात्री पात्र सोडलं होतं. नदीच्या मध्ये एक उंचवटा होता, त्यावर बाजाराहून परतणारं एक गोंड कुटुंब अडकलं होतं. पाणी चढत होतं. दुपारपर्यंत उंचवटा राहणार नाही.

कॅप्टनसाहेब क्षणभर घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘एक नाव जाएगी. जल्दी.’’

मी म्हणालो, ‘‘साब, चाकू बदलने दीजिए. ट्रक का ताला तोडते हैं.’’

‘‘ताला तोडोगे? आज? टाइम वेस्ट मत करो. जाओ.’’

‘‘कुल्हाडी, साब?’’

‘‘लेआउट को हाथ नहीं लगाना.’’

हे शब्द मी वाढवून सांगत नाही. माणसं पाण्यात होती आणि कॅप्टनसाहेबांना ताडपत्रीवरची रांग मोडायची नव्हती. मी तेव्हाही सॅल्यूट करून वळलो, कारण पाणी चढत होतं आणि वाद घालायला वेळ नव्हता.

आम्ही चार वल्हेवाले, लटारी आणि मी गेलो. जाताना काही अडलं नाही. उंचवट्यावर एक म्हातारा, त्याची सून आणि तिची दोन लेकरं होती. म्हाताऱ्याच्या खांद्यावर नेहमीची छोटी कुऱ्हाड. त्याला मराठी कळत नव्हतं, पण नावेत कसं बसायचं ते आम्ही हातानं दाखवलं. तो पुढच्या टोकाला बसला आणि त्यानं लेकरांना गुडघ्यांत धरलं.

परतताना अर्ध्या पाण्यात मी वर बघितलं. मुळासकट उपटलेलं एक मोठं झाड वाहत येत होतं. मी ओरडलो, ‘‘दोर ढिला! ढिला सोड!’’ काठावरच्यांनी सोडला, पण झाडाच्या फांद्या दोरावर चढल्या आणि झाड दोर घेऊन खाली निघालं. नावेत लटारीच्या पायाशी जे वेटोळं होतं ते झर्रकन सुटलं. त्याचा एक फास त्याच्या पोटरीवर आवळला. तो मागच्या कडेवरून पाण्यात गेला.

मी पोटावर आडवा होऊन त्याचा पट्टा पकडला. दोराचं एक टोक नावेच्या कडीला बांधलेलं, दुसरीकडे झाड ओढत होतं, आणि मध्ये लटारीचा पाय. पायाच्या पलीकडे दोर कापला की झाड जाणार आणि तो आमच्या हातात येणार. एवढं सोपं होतं. दोर त्याच्या हाताच्या टप्प्यात होता. त्याचा चाकू कमरेला होता. त्याचं डोकं अजून वर होतं.

‘‘लटारी, काप! चाकू काढ!’’

त्यानं काढला. घाबरलेला नव्हता. ओला हात, खाचेत दात, जसं शेकडो वेळा केलं तसंच. पातं हललं नाही. त्यानं पुन्हा दात रोवले. मग नावेच्या कडेवर चाकू आपटला. वार्निशचा एक टवका उडाला आणि पातं तिथंच राहिलं.

‘‘उघडत नाई जी!’’ तो ओरडला. ‘‘नाईकभाऊ, उघडत नाई!’’

मी एका हातानं माझा चाकू काढला. तोही तसाच. माझ्या अंगठ्याचं नख मुळापासून निघालं, ते मला काठावर आल्यावर कळलं. वल्हेवाल्यांपैकी एकानं आपला चाकू पुढे केला. तोही मिटलेला. तिन्ही चाकू नवे, तिन्ही चकाकते, एकावरही ओरखडा नाही.

झाडानं हिसका दिला आणि लटारी खाली गेला. माझ्या हातात त्याचा पट्टा होता, डोकं नव्हतं. एकदा वर आला, त्याचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. पुन्हा खाली गेला.

तेवढ्यात पुढच्या टोकाचा म्हातारा लेकरांना सुनेच्या अंगावर टाकून रांगत मागे आला. आम्ही काय करतो आहोत हे त्याच्या ध्यानात यायला जेवढा वेळ लागला तेवढाच तो थांबला होता. त्यानं माझ्या पाठीवर गुडघा टेकला, वाकला आणि कुऱ्हाड घातली. तिच्या पात्यावर खाचा होत्या, दांडा सालीनं बांधलेला होता. दोर तुटला. झाड गेलं. मी लटारीला आत ओढलं.

वल्हेवाल्यांनी नाव बरीच खाली काठाला लावली. आम्ही त्याला पालथं घातलं, पाणी काढलं, छातीवर दाब दिला. जाधव धावत आले आणि त्यांनीही दाब दिला. ते थांबले तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो, हवालदारावर नाईक ओरडला. त्यांनी लटारीच्या मुठीतून चाकू सोडवला. बोटं घट्ट होती.

इन्स्पेक्शन रद्द झालं असं कोणाला वाटेल. ते दुसऱ्या दिवशी झालं. चुन्याचे दगड, ताडपत्री, रांगा, सगळं जिथल्या तिथं. माणूस एक कमी होता, तर रांग जवळ सरकवून घेतली, म्हणजे फट दिसू नये. मी त्या रांगेत उभा होतो. अंगठ्याला पट्टी होती. कॅप्टनसाहेब हळूच म्हणाले, ‘‘हाथ पीछे रखना.’’

मग कोर्ट ऑफ इन्क्वायरी. बाहेरून एक मेजर आले. टेबलावर लटारीचा चाकू होता. मेजरनी रुमालानं पुसून तो उलटासुलटा केला आणि क्लार्कला सांगितलं, ‘‘लिखो. चाकू अच्छी हालत में था.’’

मी साक्षीला उभा होतो. म्हणालो, ‘‘साब, खोलके देखिए.’’

मेजरनी नख लावलं. मग दोन्ही हात लावले. कानशिलं लाल झाली. चाकू उघडला नाही. त्यांनी तो खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘पानी में था. जाम हो गया होगा.’’

‘‘पानी में जाने से पहले जाम था, साब. हमने खुद किया था. हुकुम से.’’

‘‘जितना पूछा जाए उतना बोलो, नाईक.’’

निकाल लागला. पाण्यात बुडून अपघाती मृत्यू. कोणाचा दोष नाही. कॅप्टनसाहेब पुढे वर चढत गेले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, भीतीनं नव्हे. लटारीच्या नावाशेजारी ते मला नको आहे.

लटारीचं सामान त्याच्या घरी पोचवायला मला पाठवलं. जाताना बजावलं की घरच्यांशी इन्क्वायरीबद्दल बोलायचं नाही. मूलपासून पुढे बैलगाडीनं गेलो. धान गुडघाभर झालं होतं. त्याची आई, बायनाबाई, ओसरीवर बसली होती. रडून झालेलं होतं. गावात तोवर एक गोष्ट फिरत होती. नदीकाठचा पोरगा, पट्टीचा पोहणारा, बुडला कसा? प्यायला असेल. लोक तिच्या तोंडावर म्हणत नव्हते, पण तिच्या कानावर आलं होतं.

तिनं मला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, ‘‘भाऊ, खरं सांगा. माया लटारी पेला होता का?’’

‘‘नाई, बाई.’’

‘‘मंग थो बुडला काऊन? थ्याले तं नदी अंगणावानी होती.’’

हुकूम गेला खड्ड्यात. मी तिला सगळं सांगितलं. फास, झाड, चाकू, वार्निश, पेटी, किल्ली. ओसरीखाली माणसं जमली होती, त्यांनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं. जो प्यायला म्हणाला असेल त्यानं ऐकावं म्हणून सांगितलं. लटारीनं शेवटपर्यंत बरोबर तेच केलं जे त्याला शिकवलं होतं, हेही सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला आणि मग फुटला. मी तिथं तिच्यासमोर रडलो, आणि त्याची मला लाज नाही.

बायनाबाई ऐकत होती. वार्निश म्हणजे काय ते तिला कळलं नाही, तेव्हा मी म्हणालो, ‘‘चकाकी यावी म्हणून लावतात, बाई. वरून लुकण लावल्यावानी.’’

ती म्हणाली, ‘‘चकाकी कायले?’’

‘‘मोठे साहेब पाहाले येणार होते.’’

‘‘आले का थे?’’

‘‘आले. दुसऱ्या दिवशी.’’

‘‘मंग पाह्यला का त्यायनं चाकू?’’

ब्रिगेडियर साहेब उशिरा आले होते. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. पहिल्या रांगेसमोरून चालले, पुराची उंची विचारली, कॅप्टनसाहेबांच्या तंबूत चहा घेतला आणि निघून गेले. ताडपत्रीकडे वळलेसुद्धा नाहीत.

‘‘नाई, बाई,’’ मी म्हणालो. ‘‘नाई पाह्यला.’’